ऑनलाइन लिलाव : बोली लागण्याआधीची कामे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातली जुनी नाणी, टपाल तिकिटे, पुस्तके, पितळी भांडी, रेडिओ, घड्याळे ऑनलाइन लिलावात विकण्याची टूम आता सांगली-मिरजेतही चांगलीच रुजली आहे. व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरच्या गटांत रोज संध्याकाळी बोली लागतात. परिचयातले निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयात शिकणारी मुले 'आम्हीही काही विकायला ठेवू म्हणतो, कसे करायचे?' असे विचारत असतात. मी मार्केट यार्डातील एका आडत दुकानात बरीच वर्षे दिवाणजी होतो आणि निवृत्तीनंतर नाणी व जुन्या घरगुती वस्तू अशा लिलावांत विकत असतो. दोन्हीकडचे सौदे जवळून पाहिले असल्याने नवख्या विक्रेत्यांसाठी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागलीच तर कायद्याचा आणि पैशांच्या व्यवहाराचा भाग तेवढा कृपया राखावा.

लिलाव ही गोष्ट सांगलीच्या माणसाला शिकवावी लागत नाही. हळदीच्या सौद्यात खरेदीदार हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग आणि कोरडेपणा पाहतो आणि मगच तोंड उघडतो. बेदाण्याच्या सौद्यात माल मुठीत घेऊन रंग, आकार आणि गोडी पारखली जाते. माल खरेदीदाराच्या हाताखालून गेलेला असतो, म्हणून विकणाऱ्याला मालाविषयी फारसे बोलावे लागत नाही. शिवाय वजन, भरणी, पट्टी (विक्रीचा हिशेब) आणि वसुली ही कामे करायला तोलाईदार, हमाल व आडत्या असतात, आणि त्या सर्वांवर बाजार समिती असते. ऑनलाइन लिलावात यांपैकी कोणीही नाही. वस्तू विक्रेत्याच्या कपाटात असते, खरेदीदार नागपुरात किंवा कोइमतूरला असतो, आणि मधली सगळी कामे विक्रेत्यालाच करायची असतात. नवखे लोक सारे लक्ष बोली कशी चढेल याकडे देतात. माझे मत असे आहे की बोली चढणार की नाही हे ती सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे वर्णन, छायाचित्रे आणि अटी लिहितानाच, बहुतांशी ठरून गेलेले असते. हळकुंड मोडून दाखवण्याचे जे काम यार्डात खरेदीदार स्वतः करून घेतो, ते इथे विक्रेत्याने त्याच्या वतीने आणि प्रामाणिकपणे करायचे असते.

ज्या संकेतस्थळाने हा प्रकार जगभर पोहोचवला त्या ईबेची सुरुवात पिअर ओमिडियार यांनी १९९५ साली अमेरिकेत केली. त्यावर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता आणि तो १४.८३ डॉलरला गेला. पॉइंटर चालत नाही हे घेणाऱ्याला नीट कळले आहे ना, अशी ओमिडियार यांनी चौकशी केली, तेव्हा आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो असे उत्तर आले, अशी हकिगत सांगतात. मोडके आहे असे लिहून ठेवले म्हणूनच ते योग्य माणसापर्यंत गेले, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. भारतात बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले होते, पण ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आता आपल्याकडचे विक्रेते त्यावरून परदेशी ग्राहकांना माल विकू शकतात, मात्र निर्यातीचे सोपस्कार, सीमाशुल्क आणि परदेशातून परत येणाऱ्या मालाचा खर्च पाहता पहिल्यांदाच विकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी खरे मैदान म्हणजे विषयवार चालणारे गट, आणि नाणी-तिकिटांच्या बाबतीत लिलावगृहांची स्वतःची संकेतस्थळे.

वर्णन कसे लिहावे हे एका उदाहरणाने सांगतो. समजा घरात आजीचा एक अडकित्ता आहे. गटावर त्याविषयी साधारणतः असे लिहिलेले आढळते : 'अतिशय दुर्मीळ, पुरातन, अप्रतिम अडकित्ता, संग्राहकांनी संधी सोडू नये.' या वाक्यात अडकित्त्याविषयी एकही माहिती नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : 'पितळी अडकित्ता, पाते लोखंडी. लांबी १७ सेंटिमीटर, वजन २४० ग्रॅम. दोन्ही मुठींच्या टोकांना मोर. डाव्या मोराची चोच झिजली आहे. सांध्याचा खिळा मूळचा नसून नंतर बसवलेला दिसतो, त्यामुळे पाते किंचित हलते. पात्यावर थोडा गंज आहे, पण सुपारी कातरता येते. पितळेला तडा नाही, कुठेही डाग देऊन (झाळून) जोडलेले नाही. आजीच्या वापरात होता. त्याआधीचे ठाऊक नाही.'

या मजकुरात चार दोष कबूल केले आहेत, तेव्हा किंमत पडेल, अशी शंका नवखा विक्रेता हमखास काढतो. अडकित्ते जमवणाऱ्याला जुन्या अडकित्त्याचा खिळा बदललेला असू शकतो हे माहीत असते. तो धास्तावतो तो न सांगितलेल्या तड्याला. जे सांगितलेले नाही त्याचे पैसे तो मनातल्या मनात कापतो, आणि सहसा जरा जास्तच कापतो. दोष लिहून टाकले की त्याला तेवढेच कापता येते. 'त्याआधीचे ठाऊक नाही' हे शेवटचे वाक्य तर अनेकांना कमीपणाचे वाटते. जाणकाराला मात्र त्यावरूनच समजते की बाकीचा मजकूर भरवशाचा आहे.

छायाचित्रांसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या वेळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, करड्या किंवा पांढऱ्या साध्या कापडावर वस्तू ठेवावी आणि शेजारी मापाची स्टीलची पट्टी ठेवावी. समोरून, मागून, खालून आणि प्रत्येक दोषाचा जवळून असा एकेक फोटो घ्यावा. मोबाइलमधली रंग उजळवण्याची सोय वापरू नये, कारण पितळ सोन्यासारखे दिसले तर बोली एखादे वेळी चढेल, पण पार्सल उघडल्यावर भांडण ठरलेले. टपाल तिकिटाची मागची बाजू, पुस्तकाचे मुद्रणवर्ष असलेले पान आणि कसरीची भोके, घड्याळाच्या आतल्या यंत्राचे चित्र आणि ते चालत असल्याची छोटी चित्रफीत हे विचारायच्या आधीच द्यावे. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना त्याचा दर्जा उतरतो, हेही लक्षात ठेवावे. जवळून घेतलेले फोटो जास्त दर्जाच्या पर्यायाने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले बरे.

आता स्वच्छतेविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होताना दिसते. आपल्याकडच्या जुन्या घरांतून तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाची नाणी, अजूनही निघतात. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरे असतात, आणि ती बहुधा अर्धवटच उमटलेली असतात. विकायचे ठरले की घरची मंडळी दिवाळीच्या भांड्यांसारखी ती चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासून काढतात. शंभर-दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी, काळपट किंवा हिरवट थर हा त्या नाण्याच्या जुनेपणाची खूण असतो आणि त्याच्या पृष्ठभागाचे रक्षणही तोच करत असतो. घासल्यावर तो जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि नाणे नव्या तांब्याच्या वायरीसारखे गुलाबी दिसू लागते. जाणकार ते फोटोतच ओळखतो. त्याच्या लेखी ते नाणे निम्मे संपलेले असते आणि गेलेला थर कोणत्याही उपायाने परत येत नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, नाणे कडांना धरावे, ग्रॅममध्ये अचूक वजन आणि व्यास लिहावा, याउपर काही करू नये. शिवराईच्या नकलाही बाजारात आहेत आणि सोन्याच्या होनाच्या तर कितीतरी. तेव्हा स्वतःला खात्री नसेल तर 'अस्सलपणाची हमी देता येत नाही' असे लिहावे आणि त्या हिशेबाने येईल तो भाव घ्यावा.

जुनेपणाची बढाई मारण्याची आपल्याकडे फार हौस आहे. 'दोनशे वर्षांपूर्वीचा' असे बिनदिक्कत लिहिले जाते. ते खोटे असेल तर खरेदीदाराची फसवणूक होते, आणि खरे असेल तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आड येतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसते. या कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे, कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावशेष विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या एखाद्या खरेदीदाराने शिवराईसाठी घसघशीत रक्कम देऊ केली तरी ती पाकिटात घालून पाठवणे हा गुन्हा आहे. मूर्तीसारख्या काही प्रकारांना नोंदणीही आवश्यक असते, तेव्हा देवघरातली जुनी मूर्ती गटावर टाकण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना काही सापडले असेल तर गोष्ट आणखी वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण म्हणूनच तिच्यातून कोणी सुटत नाही. तसेच भिंतीवरचे सांबरशिंग, वाघनखाचे लॉकेट, हस्तिदंती फण्या किंवा डब्या यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. 'आजोबांच्या काळचे आहे' हा बचाव विक्रीला लागू पडत नाही, आणि गटावर फोटो टाकणे म्हणजे आपणच पुरावा पुरवणे होय.

मोडी कागदांची रद्दीसारखी लॉटने होणारी विक्री पाहिली की मात्र वाईट वाटते. कृष्णाकाठच्या वाड्यांतून अशा कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून निघतात. विकणाऱ्याला मोडी येत नाही, घेणाऱ्यालाही पुष्कळदा येत नाही, आणि एका रुमालातले सलग कागद चार गावांना पांगतात. विकू नये असे मी म्हणत नाही. पण आधी मोडी वाचणाऱ्याकडून ते चाळून घ्यावेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला विचारावे, निदान प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. वाचलेल्या कागदाला न वाचलेल्या कागदाहून चांगला भाव येतो, हा व्यवहारही त्यात आहे.

सुरुवातीची बोली, म्हणजे गटांतल्या भाषेत 'बेस', किती ठेवावी हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्याचे उत्तर वस्तूपेक्षा गटावर अवलंबून आहे. लिलावात अंतिम भाव सर्वांत उत्सुक माणूस ठरवत नसतो, त्याच्या मागोमाग असलेला दुसरा माणूस ठरवतो. ईबेसारख्या संकेतस्थळावर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाची कमाल १,५०० रुपये, दुसऱ्याची १,१०० रुपये आणि वाढीचा टप्पा ५० रुपयांचा असेल तर वस्तू १,१५० रुपयांना जाते. पहिल्याच्या खिशात आणखी ३५० रुपये तयार होते, पण ते विक्रेत्याला दिसत नाहीत आणि मिळतही नाहीत. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीचे हे शास्त्र विल्यम विक्रे यांनी १९६१ साली मांडले आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच की ज्या गटात त्या वस्तूचे निदान दोन खरे गिऱ्हाईक आहेत तिथे बेस कमी ठेवायला हरकत नाही. कमी बेसने लोक गोळा होतात आणि एकदा बोली लावलेला माणूस सहजासहजी मागे हटत नाही. गट लहान असेल, वस्तूचा शौक विरळ असेल, तर ज्या किमतीला वस्तू गेली तरी रात्री झोप लागेल तीच बेस ठेवावी, कारण एकच बोली येऊन ती बेसलाच जाण्याची शक्यता असते आणि तेव्हा 'लिलाव रद्द' म्हणता येत नाही. गुप्त राखीव किंमत ठेवण्याचा पर्यायही असतो, परंतु ती आहे एवढे तरी आधी जाहीर करावे. आपली बोली सर्वांत जास्त असूनही वस्तू मिळाली नाही की लोक बिथरतात आणि त्या विक्रेत्याच्या पुढच्या लिलावाकडे फिरकत नाहीत.

वस्तूचा अंदाजे भाव काढण्यासाठी मागितलेल्या किमती पाहू नयेत. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. संपलेल्या लिलावांत तशीच वस्तू, त्याच अवस्थेत, शेवटी कितीला गेली ते पाहावे. काही आठवडे नुसते गटात राहून हे पाहत बसण्यासारखे दुसरे शिक्षण नाही, आणि ते फुकट आहे.

भाव रेंगाळला की मेहुण्याला किंवा भाच्याला सांगून बोली लावून घेण्याचा मोह होतो. गटांत हे सर्रास चालते आणि त्याला चलाखी समजले जाते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे : स्वतः बोली लावण्याचा हक्क राखून ठेवला असल्याचे विक्रेत्याने आधी जाहीर केले नसेल तर त्याने स्वतः किंवा कोणाकरवी बोली लावणे बेकायदा आहे, आणि खोट्या बोलीने भाव वाढवला असेल तर खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही हे अंगाशी येते. बहुतेक वेळा शेवटची बोली घरच्याच माणसावर येऊन थांबते आणि मग 'पहिल्या बोलीवाल्याने माघार घेतली' असे सांगत दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची मनधरणी करावी लागते. गटातले जुने लोक हे दोन वेळा पाहतात आणि तिसऱ्या वेळी बोली लावायचे थांबतात. खऱ्या बोलीवाल्याने खरोखरच माघार घेतली तर दुसऱ्याला जरूर विचारावे, पण त्याच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीच्या रकमेला, आणि नाही म्हटल्यास आग्रह न करता.

व्हॉट्सअॅपवरच्या लिलावात एक अडचण अशी आहे की ती यंत्रणा लिलावासाठी बनलेलीच नाही. रात्री दहाला लिलाव संपणार असेल तर दहाला काही सेकंद असताना चार बोली एकदम येतात, आणि नेटवर्कप्रमाणे कोणाच्या मोबाइलवर एक आधी दिसते तर कोणाच्या मोबाइलवर दुसरी. त्यावरून होणारी भांडणे मिटवता येत नाहीत, कारण दोघांचेही स्क्रीनशॉट खरे असतात. म्हणून वेळ कोणाच्या मोबाइलवरची धरायची, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आल्यास वेळ किती वाढवायची, बोली किती रुपयांच्या टप्प्याने चढवायची, आणि पोस्टाचा खर्च कोणाकडे, हे लिलावाच्या पहिल्याच संदेशात लिहावे. वस्तू वर्णनाबरहुकूम नसल्यास किती दिवसांत परत घेतली जाईल तेही त्यातच यावे.

लिलाव संपण्याची वेळ निवडतानाही थोडे डोके लावावे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी रात्री जेवणे उरकल्यावर लोक निवांत असतात. अनंत चतुर्दशीला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किंवा भारताचा सामना चालू असताना शेवट ठेवू नये. आपल्या सांगलीकरांसाठी एक जादा सूचना : पावसाळ्यात इर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले असेल तर नवा लिलाव लावू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते बंद होऊन टपाल आणि कुरियर कसे अडकले होते ते आपण पाहिले आहे. बाहेरगावच्या खरेदीदाराला मात्र पैसे दिल्यावर पार्सल हवे असते, आणि त्याचे चुकत नाही.

बांधणीचा खर्च बेस ठरवतानाच काढून ठेवावा. कुरियरवाले पुष्कळदा प्रत्यक्ष वजन न धरता खोक्याच्या आकारमानावरून वजन धरतात : लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला, सर्वसाधारणपणे, ५,००० ने भागायचे. तिन्ही बाजू ३० सेंटिमीटर असलेल्या खोक्यात किलोभराचा जुना टेबल लॅम्प घातला तरी त्याचे वजन ५.४ किलो धरले जाते, आणि लिलावात कमावलेले तिथेच जातात. त्यामुळे खोके मोठे नको, पण काचेच्या किंवा बेकेलाइटच्या वस्तूला सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटे भरण ठेवण्याइतके हवेच, आणि ते दुसऱ्या खोक्यात घातलेले उत्तम. नाणी पाकिटात खुळखुळू देऊ नयेत. प्रत्येक नाणे प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घालून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावे, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत आणि पाकिटात काय आहे हे चाचपून कळत नाही. तिकिटे दोन कडक पुठ्ठ्यांत ठेवावीत. रजिस्टर पोस्टाची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावे की २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. किमती वस्तूचा विमा उतरवावा, वस्तू खोक्यात ठेवल्यापासून पट्टी चिकटवेपर्यंतची सलग चित्रफीत घ्यावी, आणि पावतीचा फोटो खरेदीदाराला त्याच दिवशी पाठवावा.

पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नये. ऐकायला सोपे असले तरी चांगली शिकलेली माणसे इथे फसतात. हल्ली ठरून गेलेला एक प्रकार असा : समोरचा माणूस आपण लष्करात असल्याचे सांगतो, घासाघीस न करता भाव मान्य करतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, आणि मग 'पैसे पाठवण्यासाठी' एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करा, पिन टाका असे म्हणतो. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. दुसरा प्रकार पैसे पाठवल्याच्या बनावट स्क्रीनशॉटचा किंवा बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या संदेशाचा. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये खात्यावरची नोंद स्वतः पाहावी, दुसऱ्याने पाठवलेले काहीही पुरावा मानू नये. तिसऱ्या प्रकारात 'चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत करा' असा घाईचा फोन येतो. तेव्हाही आधी नोंद पाहावी. फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचे नाणे किंवा ७८६ क्रमांकाची नोट यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती पाहून विचारणारे तर रोज भेटतात. या वस्तूंना संग्राहकांकडून थोडाफार जादा भाव मिळू शकतो, लाखो रुपये मिळत नाहीत. जाहिरातदाराला नोट नकोच असते. त्याला नोंदणी शुल्क, कर, कमिशन अशा नावाखाली विकणाऱ्याकडूनच पैसे काढायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा असा वापर होत असल्याचे पाहून त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते आणि आपण अशा व्यवहारांत पडत नाही, शुल्क मागत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही असे स्पष्ट केले होते. विकणाऱ्याकडे आधी पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नव्हे, एवढे ज्येष्ठ वाचकांनी मनाशी पक्के करावे.

पहिला लिलाव घरातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूचा लावू नये, हेही सुचवतो. शे-दोनशे रुपयांची चार-सहा टपाल तिकिटे, एखादा जुना दिवाळी अंक, वापरात नसलेला पितळी तांब्या अशा वस्तूंनी सुरुवात केली की वर्णन लिहिणे, प्रश्नांना उत्तरे देणे, बांधणी, पावती हे सगळे हातात बसते आणि गटात नावही होते. आजोबांचे खिशातले घड्याळ नंतर काढावे. विकलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, रक्कम, पोस्टाचा खर्च आणि खरेदीदाराचा पत्ता एका वहीत टिपून ठेवावा. अधूनमधून घरातल्या चार वस्तू विकणे आणि माल विकत घेऊन नियमितपणे विकणे यांत कराच्या दृष्टीने फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारात शिरत असल्यास कर सल्लागाराला ती वही दाखवता येते.

शेवटी जिल्ह्यातल्या गटांच्या अॅडमिनना जाहीर विनंती करतो. वेळ, बोलीचा टप्पा, माघार घेणाऱ्याविषयीची कारवाई आणि परताव्याची अट हे नियम प्रत्येक विक्रेत्यावर न सोडता गटाच्या माहितीतच कायमचे लिहून ठेवावेत; घरच्याघरी लावलेली बोली उघड झाल्यास त्या सदस्याला, मग तो कितीही जुना असो, काढून टाकावे; आणि हस्तिदंत, वाघनखे, शिंगे यांचे फोटो दिसताक्षणी हटवावेत. सांगली आणि मिरजेच्या मुख्य टपाल कार्यालयांनीही खिडकीशेजारी खोक्यांची मापे आणि स्पीड पोस्टचे दर मराठीत ठळकपणे लावले तर विक्रेत्यांची सोय होईल आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना तेच ते पुन्हा सांगावे लागणार नाही.

कळावे,
आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली